दंडांवरची बोटं

निवृत्त होऊन वर्ष होत आलं. गणवेश पेटीत गेला, त्याबरोबर बरीच प्रकरणं मनातून उतरली. खेड तालुक्यातल्या एका गावचा शिमगा मात्र उतरत नाही. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही नाही. त्यांतली बहुतेक आजही त्याच वाडीत राहतात आणि एकाच विहिरीवर पाणी भरतात.

मी मूळचा घाटावरचा. वडील एसटी स्टँडवर हमाली करत. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. नगरपालिकेच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी माझा कॉलेजचा फॉर्म स्वतः भरून दिला, म्हणून पोचलो. ते उपकार मी आयुष्यभर बाळगले. शिकलेला माणूस अडाण्यासारखं वागत नाही, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

रत्नागिरी जिल्ह्यात शेवटची बदली झाली तेव्हा सहकारी म्हणाले, "आराम कर आता. तिकडे माणसं भांडतात ती कोर्टात." अकरा महिने ते खरं असतं. शिमग्यात मुंबईहून चाकरमानी येतात, ग्रामदेवतेची पालखी देवळातून सहाणेवर येते, आणि कुठल्या घराचा कुठला मान यावरून गावं पेटतात. सहाण म्हणजे गावाच्या मधला जांभ्या चिऱ्यांचा चौथरा. तिथे पालखी बसते आणि तिथेच ती खांद्यावर घेऊन नाचवतात. माझे हवालदार मूळचे गुहागरकडचे, अनुभवी माणूस. पहिल्याच बंदोबस्ताला त्यांनी मला सांगितलं होतं, "सर, हितं जमिनीसाठी लोक तीस वर्षं थांबतात. खांद्यासाठी तीस मिनिटं पन थांबत नाहीत."

त्या गावात पालखीचा पुढचा खांदा, म्हणजे दांड्याचं पुढचं टोक उचलायचा मान, दोन चुलत घरांत आलटून पालटून चाले. एक वर्ष थोरल्या घराचा, एक वर्ष धाकट्याचा. आदल्या वर्षी भावकीत सुतक पडलं, त्यामुळे दोन्ही घरांना खांदा लावताच आला नाही. मग गेलेलं वर्ष कुणाच्या नावावर धरायचं, यावर दोन घरांत बोलणं बंद झालं होतं. धाकट्या घरचा मुलगा मुंबईत लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, वय तिशीच्या आसपास. थोरल्या घरचा त्याच्याहून सातआठ वर्षांनी मोठा, गावीच राहणारा, शेती आणि थोडं सुतारकाम करणारा. त्या दिवशी सकाळी देवळापुढे दोघांची चांगलीच जुंपली. गावकीने शेवटी धाकट्याला खांदा दिला. थोरला सगळ्यांसमोर म्हणाला, "घे. नाच. पडलास तर उचलायला मी येनार नाय."

पडला थोरलाच.

संध्याकाळी पाचच्या सुमारास पोलीस पाटलांचा फोन आला. "सायेब, पालखीत एक मानूस पडला नि वारला. घरी नेल्यावर वारला. संशय काय नाय. दिवस हाय तंवर उचलतो आमी." मी त्यांना थांबायला सांगितलं, ठाणे दैनंदिनीत नोंद घेतली आणि बीट अंमलदाराला निघायला सांगितलं. तो गाडीत बसतो न बसतो तोच ठाण्याचा फोन पुन्हा वाजला. बाईचा आवाज होता, दबलेला. मागे गुराच्या गळ्यातली घंटा वाजत होती, म्हणजे ती गोठ्यातून बोलत असावी.

"पडून नाय मेला तो. घरात आनून धरून मारला. चौघं बसले व्हते अंगावर. तेचे हात बघा. उचलायच्या आत बघा."

"आपण कोण?"

फोन बंद झाला.

मी स्वतः निघालो. पोचलो तेव्हा ऊन अजून माडांच्या शेंड्यावर होतं. अंगणात तिरडी बांधून झाली होती, मयताला अंघोळ घातलेली होती. शंभरेक माणसं. आमची गाडी बघून गर्दी बाजूला सरकली. गावकीचे प्रमुख पुढे आले. पांढरी टोपी, शांत माणूस. म्हणाले, "सायेब, तुमचा मान राखतो आमी. पन मानूस पालखीतनं पडला, हे शंभर जनांनी बघितला. आता आनि काय बघायचा राहिलाय?"

मी काहीतरी कडक बोलणार होतो. हवालदारांनी हळूच माझी बाही ओढली. "सर, आधी खाली बसा. उभ्याने बोललात तर हे पन उभे राहतील." मी पायरीवर बसलो. म्हणालो, "मी त्यांना नेणार आणि उद्या दुपारपर्यंत मीच परत आणून देणार. हा माझा शब्द."  मग प्रमुखांनी मान हलवली.

पंच बसवून मरणोत्तर पंचनामा सुरू केला. नवे कायदे लागू झाल्यापासून सगळं मोबाईलवर चित्रित करावं लागतं, म्हणून शिपाई समोर फोन धरून उभा. हनुवटी फुटलेली होती. खालचा जबडा हाताला विचित्र लागला, मधला भाग सुटा हलत होता. ते पालखीतल्या पडण्याशी जुळत होतं. मग मी अंगावर पांघरलेलं धोतर बाजूला केलं.

दोन्ही दंडांवर वळ होते. बाहेरून चार बोटं, आतून अंगठा, स्पष्ट. दोन्ही खांद्यांवर तळव्याएवढे काळे-निळे डाग. एका मनगटावरही तसंच. पडलेल्या माणसाच्या दंडावर बोटं उठत नाहीत. ओठांच्या आतल्या बाजूला दात रुतल्याच्या खुणा होत्या, कुणीतरी तोंड दाबल्यासारख्या. पंच खाली बघू लागले. मी एकेकाचा चेहरा निरखून पाहिला. धाकट्या घरचा मुलगा ओटीच्या खांबाला टेकून उभा होता. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना फडकं गुंडाळलेलं होतं आणि त्यावर रक्त होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला चौकशीला बोलावलं. आमचा अंदाज तोपर्यंत पक्का झाला होता. आदल्या सकाळची बाचाबाची, पालखीचा दांडा फिरून थोरल्याला लागला तेव्हा दांड्याच्या पुढच्या टोकाला हाच, घरी नेल्यावर बोटांचे वळ, आणि फडक्याखाली याच्या बोटांवर दातांच्या खुणा. सरकारतर्फे फिर्याद देण्याचा मसुदा माझ्या टेबलावर तयार होता. खुनाचं जुनं तीनशे दोन कलम आम्हा सगळ्यांच्या जिभेवर बसलेलं. माझा रायटर, म्हणजे लिखापढीचा शिपाई, नव्या कायद्यातलं एकशे तीन लिहायचं तिथे पुन्हा तीनशे दोन लिहून खोडत होता.

"बोटाला काय झालं?"

"लागला."

"काय लागलं?"

"सायेब, लागला म्हंजे लागला."

"दात आहेत ते. मला वेड्यात काढू नकोस. तोंड दाबलंस ना त्याचं?"

तो रडला नाही, हात जोडले नाहीत. माझ्या अनुभवात खोटं बोलणारा माणूस पहिल्या अर्ध्या तासात खूप बोलतो. हा बोलतच नव्हता. त्याचा अर्थ मी उलटा लावला. कोडगा आहे असं वाटलं.

"धरला व्हता का त्याला?"

"धरला व्हता. सगळ्यांनी धरला व्हता."

"कशाला?"

"तडफडत व्हता म्हनून."

"तडफडणाऱ्या माणसाला दवाखान्यात नेतात. तुम्ही अंगावर बसलात?"

तो खाली बघत राहिला. मग एकदम वर बघून त्याने मला विचारलं, "सायेब, पानी दिल्यान मानूस मरतो काय?"

मला तो प्रश्न फसवा वाटला. आम्ही आरोपीला फाटे फोडू देत नाही. मी टेबलावर हात आपटला आणि म्हणालो, "प्रश्न मी विचारतो." त्यानंतर तो काहीच बोलला नाही. तपासातली माझी सगळ्यात मोठी चूक तीच. त्याने सगळं सांगून टाकलं होतं, मला ऐकू आलं नाही.

साडेअकराला रुग्णालयातून फोन आला. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टर तरुण होत्या. आधी काही वर्षं त्यांनी अपघात विभागात काम केलं होतं. म्हणाल्या, "सर, तुम्ही स्वतः या. फोनवर सांगण्यासारखं नाही."

गेलो. त्यांनी एक छोटी काचेची बाटली पुढे ठेवली. आत एक हिरवट-काळं पान होतं, नखाएवढं.

"तुळस आहे," त्या म्हणाल्या. "श्वासनलिकेत मिळालं. स्वरयंत्राच्या खाली."

मी म्हणालो, "मॅडम, मेलेल्या माणसाच्या तोंडात तुळशीचं पान ठेवतातच. आमच्याकडेही ठेवतात."

"तोंडात. इतक्या खाली नाही. मेलेला माणूस श्वास ओढत नाही, सर. हे पान आत ओढलं गेलंय. पान ठेवलं तेव्हा तो जिवंत होता आणि श्वासासाठी जिवाच्या आकांताने झगडत होता."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. जबडा समोर दोन ठिकाणी तुटला होता. जीभ खालच्या जबड्याच्या आधारावर पुढे राहते. तो आधार सुटला की माणूस उताणा झोपताच जीभ मागे पडते आणि घसा बंद करते. वर तोंडातलं रक्त. वर पाणी. डोक्याला मोठी इजा नव्हती, मान शाबूत होती, पोटात रक्तस्राव नव्हता.

"म्हणजे मार जिवावरचा नव्हता?"

"नव्हता. बसवून, पुढे वाकवून आणला असता तर आला असता इथपर्यंत. दातांना तारा बांधल्या असत्या. महिना दीड महिना पेज प्यायला असता आणि वैतागला असता."

मी दंडावरच्या बोटांचं विचारलं.

"तो उठून बसायला बघत असणार. असे पेशंट बसूनच राहतात, पुढे झुकून, लाळ-रक्त गळू देतात. आडवं केलं की मारामारी करतात. बघणाऱ्याला वाटतं, वेदनेने बेभान झालाय, धरा. दुखणारा माणूस ओरडतो, सर. ओरडायला श्वास लागतो. हा ओरडत नसेल. विचारा कुणाला."

विचारायची गरजच पडली नाही. परत येईपर्यंत हवालदारांनी एक चित्रफीत मिळवली होती. गावच्या मुंबईतल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला कुणीतरी पालखीचा नाच चित्रित करत होतं, आणि गडबड झाली तरी फोन चालूच राहिला होता. आम्ही ती ठाण्यात दार लावून बघितली.

पालखी गोल फिरते. पुढच्या टोकाला धाकटा. त्याचा पाय चिऱ्याच्या कडेवर निसटतो, दांडा खाली येतो आणि समोर नाचणाऱ्या थोरल्याच्या खांद्यावर आदळतो. तो तोंडावर पडतो, हनुवटी सहाणेच्या कडेवर. मुद्दाम काही नव्हतं. पालखी सोडून सगळ्यात आधी धाकटाच त्याच्याकडे झेपावला होता. थोरला उठून बसतो. पुढे वाकतो, दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंडातून रक्ताची तार. शुद्धीत आहे. कुणीतरी त्याला मागे रेलवायला बघतं, तो हाताने झटकतो. पुन्हा रेलवतात, या वेळी तो मागे जातो आणि एक आवाज येतो. ढोल थांबलेले असल्यामुळे तो स्वच्छ ऐकू येतो. घरघर. गर्दीतून एक म्हातारा आवाज म्हणतो, "घरघर लागली. सहाणेवर नको रे. घरी घ्या तेला, घरी घ्या."

मी ती जागा तीन वेळा लावली. हवालदार खुर्चीवर बसले.

"सर," ते म्हणाले, "सहाणेवर मानूस गेला तर विटाळ. पालखी हलत नाही, सगळा गाव थांबतो. म्हनून घाई केली. नि घरघर म्हटल्यावर मानूस संपला असंच धरतात आमच्यात. मग त्याला दवाखान्यात कोन नेतो? भुईवर घेतात, पानी घालतात. माझ्या बापाला पन आमी असंच घेतला."

चित्रफितीच्या शेवटी सहाणेपाशी एक प्रवासी जीप उभी दिसते, तोंड खेडच्या रस्त्याकडे. त्याच जीपमध्ये त्याला घातलं. ड्रायव्हरचा जबाब आम्ही नंतर घेतला. त्याने गाडी वळवून वर वाडीत नेली, तीनशे पावलांवर घराशी. रुग्णवाहिकेला पहिला फोन तब्बल चाळीस मिनिटांनंतर गेला होता. पडल्याबरोबर रुग्णवाहिका बोलावली असं गावाने मला खोटंच सांगितलं होतं, आणि खोटं का सांगितलं तेही आता कळलं. कुणी खून लपवत नव्हतं. सहाणेवरून माणूस जिवंत उचलून दवाखान्याऐवजी घरी नेला, हे मोठ्याने म्हणायला कुणाची जीभ रेटत नव्हती.

मी धाकट्याला पुन्हा समोर बसवलं. या वेळी पाणी दिलं, चहा मागवला. बाटली दाखवली नाही, फक्त म्हणालो, "पानाचं कळलंय मला."

तेव्हा तो फुटला. टेबलावर डोकं ठेवून रडला. मग सांगितलं.

घरी नेल्यावर थोरल्याला ओटीवर भुईला उताणं ठेवलं. तो उठू बघत होता. चौघांनी त्याला धरलं, हा छातीशी होता. थोरल्याची आई तांब्या-पळी आणि तुळस घेऊन आली. त्याने दात आवळले होते. सगळे म्हणाले, दातखीळ बसली, म्हातारीच्या हातचं शेवटचं पाणी चुकेल. तेव्हा याने दोन बोटं घालून तोंड उघडलं. थोरला चावला. आईने पळीने पाणी सोडलं, पान ठेवलं, पुन्हा पाणी सोडलं. थोरला एकदा मोठ्याने उसळला आणि मग शांत झाला.

"सगळे बोल्ले, बघ, पानी घेतला नि सुटला. मी पन तसाच समजलो. रात्री झोप लागेना. कंपनीत आमाला एकदा शिकवला व्हता, बेशुद्ध मानसाला कुशीवर करायचा, तोंडात काय घालायचा नाय. सर्टिफिकेट हाय माझ्याकडं, सायेब. भिंतीवर लावलाय. ते कंपनीत आठवला असता. घरात नाय आठवला."

"हे सकाळी का नाही सांगितलंस?"

"काकीचं नाव येतंय ना त्यात." त्याने नाक पुसलं. "मला घाला आत. मी धरला व्हता, माझी बोटां व्हती. पन काकीला नका सांगू तिच्या पान्यान गेला म्हनून. तुमच्या पाया पडतो."

मसुदा मी फाडला. वरिष्ठांशी आणि सरकारी वकिलांशी बोललो. इजा अपघाताची, पुढचं अज्ञानाचं. कुणाचाही मारण्याचा इरादा नव्हता. अकस्मात मृत्यूच्या चौकशीत सगळं खरं लिहायचं, असं ठरलं. खरं लिहायचं म्हणजे पाणी कुणी दिलं तेही लिहायचं. आणि त्यासाठी आईचा जबाब हवा होता.

शब्द दिल्याप्रमाणे मयत दुपारी गावी पोचवला होता. जबाबाला चौथ्या दिवशी गेलो. सोबत महिला शिपाई होती. आधी मयताच्या पत्नीला बाजूला बोलावलं. तिने "या" म्हटलं आणि मी आवाज ओळखला. गोठ्यातली बाई हीच. त्या दिवशी बायकांना माजघरात ठेवलं होतं. तिला दाराच्या फटीतून नवऱ्याचे हात-पाय झाडणं आणि त्यावर बसलेली माणसं तेवढीच दिसली होती.

मी तिला सगळं सांगितलं. चित्रफीत, जबडा, जीभ, पान. लपवून ठेवण्याचा अधिकार मला नव्हता. तिनेच तर तपास सुरू केला होता. ती पदर तोंडाशी धरून ऐकत होती.

"म्हंजे मी बघितला तो बरोबर व्हता," ती म्हणाली. "धरून मारला."

"ताई, त्यांना मारायचं नव्हतं."

"तेंना पन मरायचा नव्हता, सायेब. म्हनून तर झगडत व्हते."

 महिला शिपाई दुसरीकडे बघत होती. मग त्या बाईनेच विचारलं, "आईंना ठाऊक हाय?"

"नाही. जबाबात मला विचारावं लागेल. समजावणं माझ्या कामात येत नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही."

ती उठून आत गेली.

आई ओटीवर बसल्या होत्या, त्याच भुईवर. सत्तरी ओलांडलेल्या, डोळे कोरडे. रायटर मांडी घालून लिहू लागला. नाव, वय, मुलं किती. मग मी विचारलं, "तुम्ही काय केलंत, आई, त्याला घरी आणल्यावर?"

"काय करनार? घरघर लागलेली. तांब्या आनला. तुळस खुडली. त्याच्या बापसाला माजा पानी मिळाला नाय, तो मुंबैत गेला. याला तरी मिळावा म्हनून पळत गेले."

"दिलंत?"

"दिला. तोंड मिटून व्हता तो. लहानपनी पन औषध घेताना असाच करायचा."  मग माझ्याकडे नीट बघत म्हणाल्या, "सायेब, तुमी तेला फाडून बघितलात ना? मग मला एक सांगा. वाडीतली एक बोलते, तू पानी दिलास तवा तो आधीच गेलेला. माजा पानी पोचला काय तेला? जित्ता असताना पोचला काय?"

रायटरचा पेन थांबला. तीस वर्षांच्या वर नोकरी केली, मंत्र्यांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, वकिलांच्या उलटतपासण्या सोसल्या. या प्रश्नाचं खरं उत्तर एका शब्दाचं होतं आणि तो शब्द माझ्या तोंडातून निघेना. खरं बोललो तर त्यांना समाधान होणार होतं, आणि त्याच खऱ्याने त्यांचा मुलगा गेला होता.

माजघराच्या दारात सून उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती येऊन सासूच्या शेजारी भुईवर बसली आणि त्यांचा हात हातात घेतला.

"पोचला, आई," ती म्हणाली. "मी बघितला ना दारातनं. तुमचाच पानी पोचला."

म्हाताऱ्या बाईंनी डोळे मिटले आणि चार दिवसांत पहिल्यांदा रडल्या, असं नंतर शेजाऱ्यांनी सांगितलं. रायटरने माझ्याकडे बघितलं. मी खूण केली, एवढंच लिही: मी माझ्या हाताने पाणी व तुळस दिली. ते खरं होतं. जबाब वाचून दाखवला, अंगठा घेतला. अहवालात सगळं आलं, पानासकट. तो अहवाल त्या घरात वाचला गेला नसावा, अशी माझी आशा आहे.

पुढच्या महिन्यात मी त्याच डॉक्टरांना घेऊन गावोगावच्या सभांना गेलो. गावकीचे तेच प्रमुख एका सभेत पुढे येऊन स्वतः सतरंजीवर आडवे झाले. म्हणाले, "माझ्यावर करून दाखवा, म्हंजे हे बघतील." डॉक्टरांनी त्यांना कुशीवर कसं वळवायचं ते दाखवलं. जखमी बसलेला असेल तर बसू द्या, आडवा असेल तर कुशीवर घ्या, मान नीट धरा, तोंडात काहीही घालू नका, आणि घरघर ऐकू आली तर तो गेला असं समजू नका, तो श्वास मागतोय असं समजा. मागच्या रांगेत एका म्हाताऱ्याने विचारलं, "मग शेवटचा पानी कधी द्यायचा, बाई?" डॉक्टर म्हणाल्या, "शेवटचा आहे हे आम्हाला ठरवू द्या, आजोबा." तो म्हातारा समाधानी झाला असं मला वाटलं नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर लोकांना रूढीवर, अडाणीपणावर बोलायला आवडतं. मी त्यात पडत नाही. दहावीच्या वहीत श्वासनलिका आणि अन्ननलिकेची आकृती मी रंगीत पेन्सिलीने काढली होती. सरांनी ती वर्गाला दाखवली होती. ती आकृती माझ्या किती उपयोगी पडली, ते मला माहीत आहे.

महामार्गावरच्या अपघातांत, मारामाऱ्यांत, नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी कितीतरी जखमी आमच्या जीपच्या मागे उताणे झोपवून आणले. हातपाय हलवू नयेत म्हणून शिपायांना धरायला सांगितलं. त्यांतल्या काहींना वाटेत घरघर लागली. ती मी पुढच्या सीटवर बसून ऐकली आहे. आणि एकदा नाही, अनेकदा चालकाला सांगितलं आहे, "सावकाश चल. आता घाई नाही."